आरोपी की रुग्ण?

३१ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शिका जाहीर केली. तिच्यातील न्यायवैद्यक विषयाच्या यादीत समलिंगी संबंधांना ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हा’ म्हणून पुन्हा स्थान मिळाले होते. कौमार्याची व्याख्या, कौमार्यपटलाचे प्रकार व त्यांचे न्यायवैद्यकीय महत्त्व हे विषयही परतले होते. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०२२ मध्ये खुद्द आयोगानेच हे विषय वगळले होते. साहजिकच चहूकडून ओरड झाली. ५ सप्टेंबरला मार्गदर्शिका मागे घेण्यात आली व आठवडाभरात सुधारलेली प्रत निघाली. प्रकरण मिटले, असे सर्वांनी मानले. आमच्या मते ते मिटलेले नाही.

ही एखाद्या कारकुनाची डुलकी होती असे आम्ही मानत नाही. आपला भावी डॉक्टर मधुमेह रुग्णाच्या खाटेपाशी शिकतो, बाळंतपण प्रसूतिकक्षात शिकतो. प्रजननसंस्थेची आकृतीही तो पहिल्या वर्षी काढतो. परंतु माणसाच्या लैंगिक वर्तनाशी त्याची सविस्तर ओळख होते ती न्यायवैद्यकाच्या वर्गात. विषप्रयोग, गळफास आणि शवविच्छेदन यांच्या शेजारी. जीवनाचे एवढे मोठे अंग त्याच्यासमोर प्रथम येते ते पुराव्याच्या रूपाने. आमचा आक्षेप या आसनव्यवस्थेला आहे. कामविज्ञान, ज्याला आपण सवयीने सेक्सॉलॉजी म्हणतो, त्याचा इतिहास हा डॉक्टरने न्यायासनावरून खाली उतरून रुग्णाजवळ येऊन बसण्याचा इतिहास आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा प्रवास अर्ध्या वाटेवर थांबला आहे आणि त्याची किंमत आपल्याच घरांतील माणसे मुकाट्याने मोजत आहेत.

या प्रवासाचा आरंभ अभिमानास्पद नाही. १७६० साली लोझान येथील तिस्सो नावाच्या नामांकित वैद्याने हस्तमैथुनाविरुद्ध एक ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. वीर्याचा क्षय हा चाळीसपट रक्त गमावण्यापेक्षाही अधिक घातक असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्रंथाला नाव दिले बायबलमधील ओनानाचे. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायातील ओनानाचा अपराध दिवंगत भावाचा वंश चालवण्याचे कर्तव्य चुकवण्याशी निगडित आहे, याची या वैद्याला फिकीर नव्हती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातील डॉक्टर या भीतीवर आपली दुकाने चालवीत राहिले. तेव्हा ‘या विषयातले सारे भय धर्माने निर्माण केले आणि विज्ञानाने ते घालवले’ ही जी सोपी कहाणी सांगितली जाते, ती पुरती खरी नाही. भय पिकवण्यात पगडी घातलेला वैद्य झगा घातलेल्या धर्मोपदेशकाच्या मागे नव्हता.

१८८६ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मनोविकारांचे प्राध्यापक रिचर्ड फोन क्राफ्ट-एबिंग यांचा ‘सायकोपॅथिया सेक्शुअॅलिस’ हा ग्रंथ निघाला. या शास्त्राचा हा आद्यग्रंथ मानला जातो, आणि त्याच्या उपशीर्षकातच त्याने आपली ओळख सांगितली आहे: चिकित्साविषयक व न्यायवैद्यकीय अभ्यास. वाचक म्हणून त्याच्यासमोर डॉक्टर आणि न्यायाधीश होते. सामान्यांच्या हाती पडू नये म्हणून नाजूक वर्णने लॅटिनमध्ये लिहिली गेली. हा उपाय आम्हा धर्मगुरूंना चांगला ओळखीचा आहे. जुन्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही सहाव्या आज्ञेचे प्रकरण आले की लेखक देशी भाषा सोडून लॅटिनचा पडदा ओढीत. दोन्हीकडे परिणाम एकच झाला. जाणणारे थोडे राहिले आणि ज्यांच्याविषयी लिहिले होते ते अज्ञानात राहिले.

परंतु पडदा टिकला नाही. ग्रंथ वाचून अनेक अनोळखी माणसांनी क्राफ्ट-एबिंग यांना पत्रे धाडली: आपण वर्णन केलेला मनुष्य मीच आहे, पण मी वेडा नाही, गुन्हेगारही नाही. त्यांनी ती पत्रे फेकून दिली नाहीत. नव्या नव्या आवृत्त्यांत त्यांना जागा दिली. १८९७ साली समलिंगी संबंधांना शिक्षा ठोठावणारे जर्मन कलम रद्द करावे म्हणून जो अर्ज निघाला, त्यावर त्यांनी सही केली. १९०१ साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी, ज्याला आपण ऱ्हासाचे लक्षण म्हटले होते ते मानसिक आरोग्याशी विसंगत असतेच असे नाही, असे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. ज्या विद्वानाचे मत रुग्णाचे ऐकून बदलते, त्याला आम्ही विद्वान म्हणतो. २०२४च्या मार्गदर्शिकेने आपल्या विद्यार्थ्यांना जे शिकवू पाहिले, ते या गृहस्थाने १९०१ मध्येच मागे टाकले होते!

तो अर्ज तयार करणारे मॅग्नस हिर्शफेल्ड हे बर्लिनचे डॉक्टर. त्यांच्या एका रुग्णाने, तरुण लष्करी अधिकाऱ्याने, स्वतःच्या विवाहाच्या पूर्वसंध्येस आत्महत्या केली. त्या मृत्यूने त्यांना या विषयाकडे ओढले. १९०७ साली बर्लिनमधील त्वचारोगतज्ज्ञ इव्हान ब्लोख यांनी या विद्येचा आराखडा मांडला: केवळ शरीरशास्त्र पुरणार नाही, इतिहास, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र सर्वांनी एकत्र आले पाहिजे. १९०८ मध्ये नियतकालिक निघाले, १९१३ मध्ये डॉक्टरांची संघटना स्थापन झाली आणि ६ जुलै १९१९ रोजी हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. तेथे ग्रंथालय होते, संशोधन होते. आणि आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे तेथे दवाखाना होता. गुप्तरोगांवर उपचार होत, विवाहितांना सल्ला मिळे, गरिबांकडून पैसे घेतले जात नसत. डॉक्टर न्यायासनावरून खाली उतरला तो येथे.

६ मे १९३३ रोजी नाझी विचारांच्या विद्यार्थ्यांनी ही संस्था लुटली. चार दिवसांनी तिची ग्रंथसंपदा बर्लिनच्या चौकात इतर पुस्तकांबरोबर जाळण्यात आली. ज्यू म्हणून आणि या विद्येचा अध्वर्यू म्हणून दुहेरी द्वेष वाट्याला आलेले हिर्शफेल्ड परदेशी होते; ते मायदेशी परतू शकले नाहीत. १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

ही होळी सर्वांना ठाऊक असते. तिच्यामागून जे आले ते तितकेसे सांगितले जात नाही. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत ‘सदोष’ संततीला प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. सक्तीच्या नसबंदीचा निर्णय देण्यासाठी खास न्यायालये नेमली गेली, आणि त्या प्रत्येकात एका न्यायाधीशाच्या शेजारी दोन डॉक्टर बसले. सुमारे चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. दवाखाना जाळून डॉक्टरला पुन्हा न्यायासनावर चढवले की काय होते, ते येथे दिसते. आणि हा रोग केवळ नाझींचा होता असे म्हणून हात झटकता येणार नाही. १९१३ च्या त्या डॉक्टरी संघटनेच्या नावातच कामविज्ञानाच्या जोडीला सुप्रजाशास्त्र होते. आपल्याकडे १९२७ साली ना. सी. फडके यांनी भारतातील लैंगिक प्रश्नावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, तेही सुप्रजाशास्त्राच्या चळवळीचा पुरस्कार करणारेच होते. रुग्णाचे हित सोडून वंशाचे हित पाहू लागलेला डॉक्टर कोणत्याही देशात धोकादायकच.

महाराष्ट्रातील प्रवासाची सुरुवातही न्यायालयाच्या पायरीशीच झाली. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली; ते महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे होते, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील नसते, हा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला. कर्व्यांची धर्मविषयक मते आम्हाला मान्य नाहीत. संततिनियमनाच्या साधनांविषयी आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे आणि आम्ही ती मानतो. तरीही प्रश्न उरतोच. एका गणिताच्या प्राध्यापकाला लोकांच्या शरीराविषयीच्या शंकांना उत्तरे का द्यावी लागली? डॉक्टर कोठे होते?

एक डॉक्टर होते. त्याच १९३४ साली डॉ. ए. पी. पिल्ले यांनी मुंबईतून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक सुरू केले. मध्यंतरी ते खंडित झाले आणि पुन्हा निघाल्यावर कामविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक या नावाने जगभर वाचले जाऊ लागले. बर्लिनहून परागंदा होऊन न्यूयॉर्कला गेलेले स्त्रीरोगतज्ज्ञ एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामसुखाविषयीचा १९५० चा प्रसिद्ध निबंध याच मुंबईच्या नियतकालिकात छापला गेला. ‘हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बर्लिनमध्ये जी विद्या जाळली गेली, तिला छापखाना मुंबईने दिला होता. दुर्दैव असे की, ज्या शहरातून जग शिकत होते त्या शहरातील वैद्यकीय शिक्षणात या विद्येला हक्काचा तास मिळाला नाही. पुढे के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग नावारूपाला आणला. पण असा विभाग हा नियम न होता अपवादच राहिला.

दरम्यान जग पुढे गेले. १९६६ आणि १९७० साली अमेरिकेत सेंट लुईस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ विल्यम मास्टर्स व त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया जॉन्सन यांची पुस्तके निघाली. पती आणि पत्नी दोघांना एकत्र बसवून उपचार करायचे, दोष एकाच्या माथी मारायचा नाही, ही त्यांची पद्धत. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक बोलावली. पुढल्या वर्षी निघालेल्या तिच्या अहवालाचा विषयच आरोग्यसेवकांचे या बाबतीतले प्रशिक्षण हा होता. १७ मे १९९० रोजी याच संघटनेने समलिंगी कल रोगांच्या यादीतून काढला. आपण मात्र २०२४ साली भावी डॉक्टरांना कौमार्यपटलाचे प्रकार शिकवू पाहत होतो.

मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. डॉक्टरने सोडलेल्या जागेत आपल्याकडे कोण येऊन बसले, हे पाहायला दूर जावे लागत नाही. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती पाहाव्यात: ‘गुप्तरोग’, ‘जुनाट कमजोरी’, ‘लग्नाआधी व लग्नानंतर’. लैंगिक सामर्थ्य वाढवून देण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने निषिद्ध आहेत. कायदा सत्तर वर्षांचा झाला. भिंती तशाच बोलतात. स्वप्नावस्थेत किंवा लघवीवाटे ‘धातू जातो’ या भीतीने खंगणाऱ्या तरुणांची अवस्था डॉ. एन. एन. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञाने १९६० साली ‘धात सिंड्रोम’ या नावाने वैद्यकापुढे मांडली. तरुणाच्या शरीरात काही बिघडलेले नसते; बिघडते ते भीतीने. दहा मिनिटे शांतपणे समजावणारा डॉक्टर भेटला तर पुष्कळांची भीती ओसरेल. तो भेटत नाही, म्हणून दुकानदार भेटतो, आणि चाळीसपट रक्ताचा तोच जुना हिशेब मांडून खिसा रिकामा करतो.

आणि विवाहित? मधुमेहाने पुरुषाच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो, कधी कधी हा त्रास येऊ घातलेल्या हृदयविकाराची पूर्वसूचनाही असतो. डॉक्टर साखर मोजतो, पायांची नखे पाहतो. हा प्रश्न विचारीत नाही. रुग्ण लाजतो हे समजण्यासारखे आहे. डॉक्टरने लाजावे हे समजण्यासारखे नाही. शरीरसंबंधाच्या वेळी स्त्रीचे स्नायू तिच्या इच्छेविरुद्ध आवळले जाण्याचा विकार योग्य उपचारांनी बहुधा बरा होतो. पण घरात तिला ‘थंड’ किंवा ‘हट्टी’ ठरवून माहेरी धाडले जाते. मूल होत नाही म्हटले की सुनेच्या तपासण्या सुरू होतात आणि मुलाची एक साधी तपासणी करायला कोणी धजत नाही.

येथे आमच्या ख्रिस्तसभेचा संबंध थेट येतो. १९८३ च्या धर्मविधी संहितेतील १०८४ व्या कलमानुसार, विवाहापूर्वीपासून असलेले व कायमचे नपुंसकत्व, मग ते पुरुषाचे असो वा स्त्रीचे, विवाह अवैध ठरवते. वंध्यत्वाने मात्र विवाह निषिद्ध वा अवैध ठरत नाही, हेही त्याच कलमात सांगितले आहे. आपल्या समाजात हे दोन शब्द सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि त्या गोंधळात माणसांची अब्रू जाते. ‘कायमचे’ म्हणजे उपचारांनी न सुटणारे, हे कोण ठरवणार? डॉक्टरच. म्हणजे आमच्या धर्मन्यायाधिकरणापुढेही डॉक्टर येतो तो साक्षीदार म्हणून, सारे मोडल्यावर. जी कागदपत्रे न्यायाधिकरणाच्या टेबलावर येतात, त्यांतील कित्येक व्यथा आधीच दवाखान्यात जायला हव्या होत्या. दवाखान्यात त्यांना दार नव्हते, म्हणून त्या न्यायालयात आल्या.

आता आक्षेपांकडे वळू. ‘असले विषय शिकवल्याने नीती बिघडेल,’ असे आमच्यातील काही श्रद्धाळू मंडळी म्हणतात. त्यांना आम्ही आदरपूर्वक विचारतो: नीती बिघडवणारी गोष्ट डॉक्टरचे ज्ञान की भिंतीवरची जाहिरात? ख्रिस्तसभेने अज्ञानाला सद्गुण मानलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मधील शिक्षणविषयक घोषणापत्रात, मुलांना वयानुरूप सकारात्मक व विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या पत्रात त्याचा आग्रहाने पुनरुच्चार केला. त्याहीआधी, १९६० साली, क्राकूचे साहाय्यक महागुरू कारोल वोयतिवा यांनी ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे अखेरचे प्रकरण कामविज्ञान आणि नीतिशास्त्र यांवर आहे. पत्नीच्या शरीराच्या प्रतिसादाची गती वेगळी असते, तिची दखल घेणे हे पतीचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हेच महागुरू पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. कामविज्ञानाने नीतिशास्त्राची जागा घेऊ नये असे त्यांनी बजावले. पण त्याच्याकडे पाठ फिरवली नाही.

पाप, गुन्हा आणि रोग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पापाचा विचार विवेकबुद्धीच्या आणि पापनिवेदनाच्या ठिकाणी होतो, गुन्ह्याचा न्यायालयात, रोगाचा दवाखान्यात. तिन्ही वह्या एकत्र शिवल्या की तिन्हींचा हिशेब चुकतो. ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण आपल्या पायावर उभी आहे. तिला पोलिसाच्या दंडुक्याचा किंवा डॉक्टरच्या खोट्या दाखल्याचा टेकू नको.

दुसऱ्या बाजूचेही ऐकून घ्यावे. ‘विज्ञानाला नीतीचा प्रश्न विचारू नका,’ असे म्हणणारे आहेत. त्यांना या विद्येचाच इतिहास उत्तर देतो. अमेरिकेतील आल्फ्रेड किन्सी हे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्या १९४८ आणि १९५३ च्या पुस्तकांनी जग हलवले. परंतु पहिल्या पुस्तकात बालकांविषयीच्या ज्या नोंदी आहेत, त्या मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या एका माणसाच्या टिपणांतून घेतल्या होत्या, असे १९९५ मध्ये त्यांच्याच संस्थेच्या तत्कालीन संचालकांनी मान्य केले. बालकांच्या वेदनेची आकडेवारी मांडताना ज्या शास्त्राची लेखणी थरथरली नाही, त्याला निव्वळ ज्ञानाच्या नावाने माफी मिळणार नाही. न्यायाधीश झालेला डॉक्टर आम्हाला नको आहे. तसाच डोळ्यांदेखत चाललेल्या अत्याचाराचा तटस्थ हिशेबनीसही नको आहे. डॉक्टरने डॉक्टर राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

सुधारणा अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या तथाकथित खुणांना शास्त्रीय आधार नाही हे दाखवून दिले, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो पाठ आपल्या अभ्यासक्रमातून काढला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेच्या ‘दोन बोटांच्या’ चाचणीवर पुन्हा कठोर ताशेरे ओढून अभ्यासक्रम तपासण्याचा आदेश दिला. परंतु चुकीचा पाठ काढून टाकणे हे अर्धेच काम झाले. त्या जागी योग्य पाठ कोण घालणार?

म्हणून आमची मागणी अशी. लैंगिक आरोग्याला वैद्यकशास्त्र, स्त्रीरोग व मनोविकार या विषयांत ठरावीक तास मिळावेत आणि त्यावर परीक्षेत प्रश्न यावेत. कारण जे परीक्षेत येत नाही ते आपल्याकडे कोणी शिकत नाही. रुग्णाला न दुखावता हा प्रश्न कसा विचारावा, याचा सराव रुग्णाच्या खाटेपाशी व्हावा. गुन्ह्यांचा भाग न्यायवैद्यकात जरूर राहावा, पण संमती आणि पीडितेची प्रतिष्ठा यांना केंद्रस्थानी ठेवून. आणि आमच्या धर्मप्रांतांतील विवाहपूर्व शिबिरांत डॉक्टरांना केवळ आकृत्या दाखवून परत पाठवू नये. वधूवरांना त्यांच्याशी एकांतात बोलण्याची सोय असावी. आमच्या वाचकांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक आहेत. त्यांनी यासाठी पुढल्या मार्गदर्शिकेची वाट पाहू नये. उद्या सकाळी मधुमेहाचा जो रुग्ण समोर बसेल, त्याला तो न विचारलेला प्रश्न विचारावा.